पोरे जेवनात का? : जाणारं माणूस काय बोलतं आणि का

मोठी माय गेली तेव्हा फाल्गुन चालू होता. दादर, म्हणजे आमच्याकडची रब्बीची ज्वारी, काढून झाली होती, पोती अजून ओट्यावरच पडलेली. भेटायला येणाऱ्यांची सोय म्हणून तिची खाट पुढच्या घरात आणली होती. उशाशी दोन्ही आत्या, पायाशी शेजारच्या जिजी, दारात गावातले दोन-तीन माळकरी. दर थोड्या वेळाने कुणीतरी वाकायचं आणि तिच्या कानाशी म्हणायचं, "माय, राम म्हन. म्हन ना, राम राम."

दुपारी केव्हातरी तिने डोळे उघडले आणि अगदी स्वच्छ विचारलं, "पोरे जेवनात का?"

अहिराणी न कळणाऱ्यांसाठी: पोरं जेवली का? पोरं म्हणजे आम्ही नातवंडं. त्यानंतर ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गेली. पण मोठ्या आत्याला पुढे कितीतरी वर्षं एकच गोष्ट खात राहिली. आईने जन्मभर एकादश्या केल्या, मुक्ताईच्या पालखीबरोबर पंढरपूरला चालत गेली, आणि ऐन वेळी तोंडात नाव आलं नाही.

माझी तेव्हा बारावीची परीक्षा चालू होती. पुढे मी परिचारिका झाले. आता घरोघरी जाऊन अंथरुणाला खिळलेल्यांची सेवा करते, त्यामुळे अशी शेवटच्या दिवसांतली माणसं बऱ्याचदा माझ्यासमोर असतात. आत्यासारखी काळजी मी अनेक घरांत पाहिली. म्हणून एकदा बसून लिहावं म्हटलं की त्या दिवसांत माणूस जे बोलतं ते कुठून येतं.

आधी शरीराचं बघू. सिनेमात माणूस शेवटचं वाक्य पूर्ण करतो आणि मग मान टाकतो. प्रत्यक्षात बहुतेकांचं बोलणं जीव जाण्याच्या कितीतरी तास आधी, कधी एक-दोन दिवस आधीच थांबलेलं असतं. दीर्घ आजारात अन्न सुटतं, मग पाणी कमी होतं, झोप वाढत जाते. तोंड कोरडं पडतं, जीभ जड होते. बोलायला श्वास लागतो, आणि श्वासच पुरत नसतो. म्हणून वाक्यांचे शब्द होतात, शब्दांचे हुंकार होतात. आपण ज्याला ऊर्ध्व लागला म्हणतो, त्यात श्वास हळूहळू मोठा होत जातो, पुन्हा लहान होतो, काही क्षण थांबतो आणि परत सुरू होतो. चेन आणि स्टोक्स या दोन डॉक्टरांनी एकोणिसाव्या शतकात त्याचं वर्णन केलं, म्हणून वैद्यकात त्याला त्यांचीच नावं आहेत. घशातली घरघरही अशीच. गिळण्याची आणि खोकण्याची ताकद गेल्यामुळे लाळ आणि स्राव घशात साचतात आणि श्वासाबरोबर वाजतात. ऐकणाऱ्याच्या पोटात गोळा येतो, पण त्या वेळी माणूस इतकं खोल गुंगीत असतं की बहुधा त्याला त्याचा त्रास होत नसतो. कुशीवर वळवलं की आवाज बराच कमी होतो.

अशा अवस्थेत ‘राम म्हण’ म्हणजे पाय मोडलेल्याला ‘चाल’ म्हणण्यासारखं आहे.

आता बरळणं. घरात त्याला कुणी वात म्हणतं, कुणी भ्रम. डॉक्टर डिलिरियम म्हणतात, आणि शेवटच्या दिवसांत तो बहुसंख्य रुग्णांना कमी-अधिक होतोच. मेंदूला प्राणवायू, साखर आणि क्षार ठरलेल्या प्रमाणात लागतात. मूत्रपिंड आणि यकृत थकले की शरीरातली घाण रक्तात राहते. जंतुसंसर्गाचा ताप, घटलेलं सोडियम, वाढलेलं कॅल्शियम, काही औषधं, यातलं काहीही मेंदूचा तोल घालवतं. मग दिवस-रात्र उलटी होते, संध्याकाळ झाली की त्रास वाढतो. माणूस चादर चाचपत राहतं, हवेतलं काहीतरी वेचतं, कपडे ओढतं, उठून जायला बघतं. पोटच्या मुलीला ‘तू कोण’ विचारतं. शिव्याही देतं, अगदी जन्मात तोंडातून वाकडा शब्द न गेलेलं माणूस देतं. ती शिवी मनाला लावून घेऊ नका, ती तुम्हाला दिलेली नसते. भ्रमाचा दुसरा प्रकार गप्प असतो. माणूस नुसतं पडून राहतं, टक लावून बघतं, आणि ‘शांत झाले’ असं समजून घरचे निश्चिंत होतात. तो प्रकार जास्त वेळा सुटून जातो.

यात एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. प्रत्येक भ्रम मरणाचाच असतो असं नाही. एका दवाखान्यात मी एका आजोबांचे दोन्ही हात पलंगाला बांधलेले पाहिले. रात्रभर ओरडत होते, ‘सोडा, मला सोडा’. मुलगा म्हणाला, "सिस्टर, ते आता देवाला सांगताहेत, सोडव म्हणून." मी चादर बाजूला केली. लघवीची नळी तुंबली होती आणि ओटीपोट दगडासारखं झालं होतं. नळी बदलली, अर्ध्या तासात आजोबा घोरायला लागले. पुढे तीन आठवडे होते, चहा मागायचे. तेव्हा बडबड अचानक सुरू झाली तर देवाधर्माचा अर्थ लावण्याआधी बघा: लघवी झाली का, पोट साफ आहे का, ताप आहे का, कालपासून एखादं नवीन औषध सुरू झालंय का. आणि डॉक्टरांना फोन करा.

मॉर्फिनचं नाव निघालं की लोक दचकतात. ‘त्या औषधाने बोलणं गेलं’ असं नंतर वर्षानुवर्षं सांगतात. योग्य मात्रेत दिलेलं मॉर्फिन वेदना आणि धाप कमी करतं, मरण ओढून आणत नाही. मूत्रपिंड थकलेलं असेल तर मात्र ते अंगात साचून भ्रम वाढू शकतो, अशा वेळी डॉक्टर मात्रा बदलतात. बहुतेक वेळा बोलणं आजारामुळेच जातं, फक्त ते औषध सुरू होण्याची वेळ आणि ही वेळ एकच पडते.

भ्रमापेक्षा वेगळं काहीतरीही दिसतं, आणि माझ्या मते या सगळ्या विषयाचा गाभा तोच आहे.

माणूस शुद्धीत असतं. तुम्हाला ओळखतं, आज वार कोणता ते सांगतं. आणि मग दाराकडे बघून म्हणतं, "माय उनी." आई आली. आई जाऊन चाळीस वर्षं झालेली असतात. भ्रमातलं दिसणं बहुतेक वेळा भिववणारं आणि विस्कळीत असतं: भिंतीवर किडे, खोलीत अनोळखी माणसं. हे दिसणं तसं नसतं. चेहरा सैल पडतो, कधी हसू येतं. अमेरिकेत बफेलो शहराच्या हॉस्पिसमधल्या, म्हणजे शेवटच्या दिवसांतल्या रुग्णांची सेवा करणाऱ्या संस्थेतल्या, डॉक्टरांनी ५९ रुग्णांना रोज भेटून त्यांची स्वप्नं आणि भास विचारले. २०१४ साली ते प्रसिद्ध झालं. ८८ टक्के रुग्णांनी निदान एकदा तरी असं काही अनुभवलं होतं. मरण जवळ येईल तसे हे अनुभव वाढत गेले, गेलेल्या माणसांचं दिसणं वाढत गेलं, आणि सगळ्यांत जास्त दिलासा याच गेलेल्या माणसांनी दिला.

त्याच्या खूप आधी, १९७७ साली, कार्लिस ओसिस आणि एर्लेंदुर हाराल्डसन या दोघांनी अमेरिकेतल्या आणि उत्तर भारतातल्या डॉक्टर-नर्सेसकडून अशी वर्णनं गोळा करून छापली. तिकडच्या रुग्णांना जास्त करून गेलेले नातेवाईक दिसत होते, आपल्याकडच्यांना देव आणि यमदूत जास्त. आपल्याकडचे काही तर यमदूतांबरोबर जायला चक्क नकार देत होते. हे वाचून मला हसू आलं होतं. आमच्या गावचा एक म्हातारा ‘कांदा काढल्याशिवाय मी येत नाही’ असं तिन्हीसांजेला दाराकडे बघून ठणकावायचा.

हे खरोखर कुणी येतं की मेंदू दाखवतो? ज्याची जशी श्रद्धा तसं त्याने मानावं. खाटेजवळ बसणाऱ्याला त्या वेळी तो वाद सोडवायचा नसतोच. ‘इथे कुणी नाही, आई कधीच गेली’ असं सांगितलं तर त्या माणसाला आई दुसऱ्यांदा गेल्याचं दुःख होतं. ‘हो, मलाही दिसतेय’ म्हणायचीही गरज नाही. "काय म्हणते आई?" एवढं विचारून गप्प बसावं. उत्तरात कधीकधी असं काही येतं की पुढे घरभर जपलं जातं.

भाषेचंही असंच. नोकरीनिमित्त पुण्याला आयुष्य काढलेले एक साहेब मी पाहिले, शुद्ध पुस्तकी मराठी बोलणारे. शेवटच्या आठवड्यात ते अहिराणीवर आले. सुनेला एक शब्द कळेना, ती घाबरली, वाटलं भ्रमच झाला. भ्रम नव्हता. नवी शिकलेली भाषा आधी गळते आणि लहानपणीची, आईच्या मांडीवरची मागे उरते, असं थकलेल्या मेंदूच्या बाबतीत पुष्कळदा दिसतं. शेवटी त्यांच्या गावाकडच्या चुलतबहिणीला फोनवर घेतलं. दोघं अर्धा तास बोलले, बहुतेक एका म्हशीबद्दल.

आणि ‘माले घर जानं शे’. मला घरी जायचंय. स्वतःच्या घरात, स्वतःच्या खाटेवर पडून माणूस हे म्हणतं तेव्हा घरचे गोंधळतात. गाडी जुंपा, पिशवी भरा, तिकीट काढलं का, जोडे कुठे आहेत, अशी प्रवासाची भाषा जगभरातल्या परिचारिकांनी ऐकली आहे. कधी त्याचा अर्थ अगदी साधा असतो: दवाखान्यातून घरी न्या. कधी लहानपणचं घर असतं. आणि कधी माणूस निघाल्याचं सांगत असतं, ज्या शब्दांत त्याला सांगता येतं त्या शब्दांत. ‘हेच तर घर आहे’ असा वाद घालू नका. घरी कोण आहे ते विचारा.

आता आत्याच्या दुःखाकडे येते. नाव तोंडात आलं नाही, हे दुःख.

या समजुतीचा आधार गीतेच्या आठव्या अध्यायात आहे. पाचव्या श्लोकात सांगितलंय की अंतकाळी माझं स्मरण करत जो देह सोडतो तो मला येऊन मिळतो. सहाव्यात म्हटलंय, ज्या ज्या भावाचं स्मरण करत माणूस देह सोडतं त्याला ते जाऊन मिळतं. लोक इथेच थांबतात. पण सहाव्या श्लोकाचा शेवट ‘सदा तद्भावभावितः’ असा आहे, म्हणजे जन्मभर त्या भावात मुरलेला. आणि सातवा श्लोक तर सरळ सांगतो, म्हणून सगळ्या काळी माझं स्मरण कर आणि लढ. भर जन्मभराच्या मुरण्यावर आहे. शेवटच्या तासाला जिभेची तोंडी परीक्षा घ्या, असं तिथे कुठे लिहिलेलं नाही.

भागवताच्या सहाव्या स्कंधातली अजामिळाची गोष्ट कीर्तनात सगळ्यांनी ऐकलेली असते. आयुष्यभर नको ते केलेला अजामिळ मरणाच्या दारात यमदूत बघून घाबरतो आणि लांब खेळणाऱ्या धाकट्या पोराला हाक मारतो. पोराचं नाव नारायण. त्या हाकेला विष्णुदूत धावून येतात. यमदूत भांडतात, हा काही देवाला हाक मारत नव्हता. विष्णुदूत सांगतात की खुणेने घेतलं, थट्टेत घेतलं, तरी नाव ते नाव. कीर्तनकार यातून नामाचा महिमा सांगतात, आणि तो आहेच. मला या गोष्टीत दुसरंही दिसतं. भेदरलेल्या बापाच्या तोंडी शेवटी लेकरू आलं, आणि वरच्यांनी ते चालवून घेतलं.

इतर घरांतही नियम माणसाला सांभाळूनच आहेत. मुसलमान घरांत जाणाऱ्याजवळ कलमा म्हणतात, त्याला ऐकू जाईल असा. पण त्याच्यामागे लागायचं नाही, आणि त्याने एकदा म्हटला की पुन्हा पुन्हा म्हणायला लावायचं नाही, असं जाणते आवर्जून बजावतात. जैन घरांत नवकार मंत्र बाकीचे म्हणत राहतात, आजारी माणूस ऐकतं. बौद्ध घरांत परित्राण पाठ होतो. सगळीकडे म्हणण्याचं काम जे बसलेत त्यांचं. तेच आपणही करू शकतो: हळू आवाजात हरिपाठ चालू ठेवा, जाणाऱ्याला उत्तर मागू नका.

तुळशीपत्र आणि गंगाजळाबद्दल मात्र जरा कडक बोलते. आमच्याकडे गंगाजळ नसेल तर तापीचं पाणी चालतं, श्रद्धेचा प्रश्न नाही. प्रश्न गिळण्याचा आहे. गिळणं बंद झालेल्या माणसाच्या तोंडात चमचा-चमचा पाणी घातलं तर ते श्वासनलिकेत उतरतं आणि माणूस गुदमरतं. शेवटचा ठसका ‘पाणी घेतलं हो’ म्हणून आनंदाने पाहणारे नातेवाईक मी पाहिलेत. कापसाचा बोळा भिजवून, पिळून ओठांवर आणि जिभेवर फिरवा. तुळशीचं पान ओठांवर टेकवा. तेवढं पुरतं, आणि कोरड्या तोंडाला आरामही मिळतो.

विझताना दिवा मोठा होतो, ही म्हण दवाखान्यातही खरी होते. चार दिवस न बोललेलं माणूस अचानक उठून बसतं, शेवभाजी मागतं, नातवाचं नाव घेतं. जर्मन संशोधक मिखाएल नाम यांनी २००९ मध्ये याला अंतिम स्पष्टता अशा अर्थाचं नाव दिलं. कारण अजून कुणालाही नक्की सापडलेलं नाही, आणि प्रत्येकाला असं होतंही नाही. पण झालं तर सुरतेच्या भावाला ‘आता बरं आहे, येऊ नकोस’ असा फोन करू नका. उलट बोलवा.

सुरतेचं नाव निघालं म्हणून सांगते. आमच्या अर्ध्या खानदेशाची पोरं कामधंद्याला सुरतेत आहेत, त्यामुळे ‘धाकल्यात जीव अडकला, गाडी आली आणि जीव सोडला’ ही गोष्ट घरटी ऐकायला मिळते. माणूस खरंच वाट बघतं का? अमेरिकेतल्या ओहायो राज्यात कॅन्सरने झालेल्या ३ लाखांहून जास्त मृत्यूंच्या नोंदी तपासून २००४ मध्ये दोन संशोधकांनी पाहिलं की सण किंवा वाढदिवस गाठण्यासाठी मरण लांबतं का. तसं काही आढळलं नाही. गाडी यायच्या आधी गेलेल्यांच्या गोष्टी आपण सांगत नाही, एवढंच. हे मुद्दाम सांगते, कारण उशिरा पोचलेली पोरं स्वतःला फार छळतात, आणि पाच मिनिटं चहाला गेली तेवढ्यात आई गेली म्हणून मुली वर्षानुवर्षं रडतात.

कायद्याचं थोडक्यात. मरणारा खोटं बोलत नाही, या जुन्या विश्वासाला आपल्या कायद्यातही जागा आहे. मृत्यूचं कारण सांगणारा मृत्युपूर्व जबाब पुरावा धरला जातो. पूर्वी तो १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम ३२ मध्ये होता, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २६ मध्ये आहे. पण हाच विश्वास लोक शेताच्या वाट्यालाही लावतात आणि फसतात. ‘बापाने मरताना सांगितलं, विहीर धाकट्याची’ हे हिंदू कुटुंबात मृत्युपत्र होत नाही. मृत्युपत्र लेखी लागतं, सही किंवा अंगठा लागतो आणि दोन साक्षीदार लागतात. भ्रमातल्या माणसाचा अंगठा धरून कागदावर उमटवणं हा तर सरळ गुन्हा आहे, आणि तो प्रकार आपल्याकडे होतो हे सगळ्यांना माहीत आहे. व्हेंटिलेटर लावावं की नको, याबद्दलची इच्छा आधी लिहून ठेवायला सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्यता दिली आणि २०२३ मध्ये पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यापुढे ते करता येतं.

राहिलं ऐकणं. कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, काहीच प्रतिसाद न देणाऱ्या मरणासन्न रुग्णांच्या मेंदूचा आलेख काढला. आवाजातल्या बदलाला काहींच्या मेंदूने धडधाकट माणसासारखाच प्रतिसाद दिला. त्यांना अर्थ कळत होता असं त्यातून सिद्ध होत नाही, पण आवाज आत पोचत होता. म्हणून लाकडं कुणी आणायची, अस्थी घेऊन तापीकाठच्या प्रकाशा गावाला कोण जाणार, खर्च कुणी करायचा, ही चर्चा ओट्यावर जाऊन करा. खाटेजवळ बोलायचंच असेल तर रोजचं बोला. माझा सुरतेचा काका पहाटे आला, मोठ्या मायच्या उशाशी बसला आणि रडायचं सोडून तिला कापसाचा भाव सांगत बसला. मग दादर किती पोती झाली ते. मग कुठली गाय व्याली ते. तिचा श्वास होता तसाच चालू होता. आत्या चिडली, "या वेळेला हे काय?" आज मला वाटतं, त्या खोलीत तिच्याशी तिच्या ओळखीचं बोलणारा तो एकटाच होता. एकटा म्हणजे, जिजी सोडून.

कारण मोठ्या मायने ‘पोरे जेवनात का’ विचारलं तेव्हा सगळे ‘राम म्हन’ करत राहिले, आत्या रडायला लागली, आणि त्या प्रश्नाला उत्तर दिलं ते पायाशी बसलेल्या जिजींनी. "जेवनात व माय, जेवनात." मोठ्या मायने डोळे मिटले. खरं तर आम्ही जेवलो नव्हतो. सकाळपासून घरात कुणाला चुलीची आठवणच नव्हती. जिजी तशाच उठल्या, आपल्या घरी गेल्या, खिचडी टाकली आणि आम्हा सहाही पोरांना बोलावून पाटावर बसवलं.